दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला असं नाही



विषय वाचून काही जण म्हणतील, शाळेच्या गोष्टींत हे गॅरेजचं काम कुठून आलं? गाडीच्या इंजिनाचा बिघडलेला सेन्सर घरच्या घरी कसा ओळखायचा आणि कसा बदलायचा, हा काही पाठ्यपुस्तकातला धडा नाही. पण माझं मत सरळ सांगतो. नववी-दहावीच्या मुलामुलींना धाराविद्युत शिकवायला यापेक्षा चांगला धडा मला गेल्या काही वर्षांत सापडलेला नाही. सेन्सर बदलणं हे पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, त्याला हात लागतात. कोणता सेन्सर, आणि मुळात सेन्सरच का, हे ठरवायला डोकं लागतं. आणि नेमकं हेच दुसरं काम आपण मुलांच्या वाट्याला येऊ देत नाही.

पूर्वी स्कूटर बंद पडली की घरातलं कोणीतरी प्लग काढायचं, पॉलिश पेपरनं घासायचं, परत बसवायचं आणि किक मारत बसायचं. मुलं बाजूला उभी राहून बघायची. ते चित्र आता दिसत नाही, आणि त्याचं कारण फक्त आपला आळस नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या दुचाक्यांतूनही कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. त्याच्या जागी इंजेक्टर आला आणि त्याला किती पेट्रोल सोडायचं हे सांगणारा छोटा संगणक आला. त्याला ईसीयू म्हणतात. चारचाकीत तो कितीतरी आधीपासून आहे. या संगणकाला स्वतःचे डोळे-कान नाहीत. हवा किती आत येते, ती किती गरम आहे, इंजिनाभोवती फिरणारं कूलंट किती तापलंय, क्रँक नेमका कुठे आहे, जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे सगळं त्याला सेन्सरच सांगतात. एखादा सेन्सर गप्प बसला किंवा खोटं बोलायला लागला, की समोर तो पिवळा इंजिनाचा दिवा लागतो आणि आपण सरळ गॅरेजचा रस्ता धरतो.

इथपर्यंत काही चूक नाही. चूक पुढे होते.

गॅरेजमध्ये गाडीला स्कॅनर लावतात. चारचाकीत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. (अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं झालं, आणि पुढे जगभर तीच पद्धत रुळली.) स्कॅनरवर एक कोड उमटतो. उदाहरणार्थ, पी०११८. यातला पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडची भानगड, त्यापुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखाच असलेला कोड, आणि उरलेले आकडे नेमकी तक्रार सांगतात. कोडच्या अर्थात 'कूलंट तापमान सेन्सर' हे शब्द आले, की लगेच निकाल लागतो: "सेन्सर गेलाय, बदलावा लागेल."

आता पी०११८ चा खरा अर्थ बघा. 'कूलंट तापमान सेन्सरच्या मंडलात व्होल्टेज जास्त.' एवढंच! मंडलात. सेन्सर तुटला असेल तरी हे होईल, वायर तुटली असेल तरी होईल, कनेक्टर नीट बसला नसेल तरी होईल. पावसाळ्यात उबेला बोनेटखाली शिरून उंदरानं वायर कुरतडली, तरी अगदी हाच कोड येईल. आणि हा प्रकार आपल्याकडे किती घडतो ते कोणत्याही वायरमनला विचारा. कोड म्हणजे तक्रार अर्ज. आरोपी कोण हे त्यात लिहिलेलं नसतं.

गणितात मुलाला बत्तीस मार्क पडले, की आपण त्याला कोचिंग क्लास लावतो. वजाबाकी कच्ची आहे, की उदाहरणातलं मराठीच कळत नाही, की फळाच दिसत नाही म्हणून चष्मा लागलाय, हे बघायच्या आधीच. असो. आपण गाडीबद्दल बोलत होतो.

आमच्या कॉलनीतलं एक उदाहरण सांगतो. पेट्रोलची एक जुनी हॅचबॅक. सतराचं ॲव्हरेज देणारी गाडी चौदावर आली. सकाळी चालू केली की पेट्रोलचा वास, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी, आणि पिवळा दिवा. कोड पी०१७२, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. एका गॅरेजनं ऑक्सिजन सेन्सर बदलला. चार हजारांच्या वर गेले. दहा-बारा दिवसांत दिवा पुन्हा हजर.

इथे थोडं थांबा आणि विचार करा. ऑक्सिजन सेन्सर काय सांगत होता? धुरात ऑक्सिजन उरतच नाही, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. सायलेन्सरची काजळी काय सांगत होती? तेच. पेट्रोलचा वास? तेच. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असताना त्यातल्या एकालाच पकडून बदलून टाकलं. बिचारा खरं बोलत होता! घरात धूर झाल्याची वर्दी देणाऱ्यालाच आपण घराबाहेर काढलं, असा हा प्रकार.

मग खोटं कोण बोलत होतं? त्या घरातली मुलगी तेव्हा दहावीत होती. तिच्या बाबांनी काही शे रुपयांचं ब्लूटूथचं अडॅप्टर आणलं होतं, ते त्या सॉकेटला लावलं की सेन्सर काय सांगतायत ते मोबाइलवर आकड्यांत दिसतं. (दुचाकीत सॉकेट वेगळं असतं, त्याला वेगळी वायर लागते.) मी तिला एवढंच सांगितलं, की सकाळी गाडी चालू करायच्या आधी फक्त चावी 'ऑन' कर, आणि दोन आकडे लिहून ठेव: आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि कूलंटचं तापमान. गाडी रात्रभर एकाच जागी उभी असते. इंजिन, पाणी, हवा, लोखंड सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं. म्हणजे हे दोन आकडे एकमेकांच्या दोन-चार अंशांत असायलाच हवेत. ही तपासणी फुकट आहे, तिला एक पानाही लागत नाही, आणि माझ्या मते यापेक्षा सुंदर तपासणी इंजिनाच्या बाबतीत दुसरी नाही.

तिनं लिहिलं: हवा २४, कूलंट ८.

सप्टेंबर महिना. पार्किंगमध्ये ८ अंश? तीच म्हणाली, "सर, सप्टेंबरात महाबळेश्वरलाही एवढी थंडी नसते." झालं! एक आकडा खोटा होता, आणि कोणता ते सांगायला भूगोलाचं सामान्यज्ञान पुरलं. कूलंट थंडगार आहे असं वाटल्यामुळे संगणक रोज सकाळी थंड इंजिनाला द्यावं तसं जादा पेट्रोल ओतत होता. गाडी पूर्ण तापल्यावरही आकडा ६५-६७ च्या पुढे जाईना, म्हणजे संगणकाच्या लेखी इंजिन कधी तापतच नव्हतं.

यात पैशांपेक्षा मोठा धोका होता, तोही सांगतो. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा कधी चालू करायचा हे याच आकड्यावर ठरतं. इंजिन खरोखर शंभरीला पोचलेलं असताना आकडा जर सत्तरच दाखवत असेल, तर घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये पंखा सुरूच होणार नाही. काटाही पुष्कळदा याच सेन्सरवर चालतो, त्यामुळे तोही निवांत दिसेल. पाणी उकळून हेड गॅस्केट गेलं की खर्च हजारांच्या खालच्या घरात राहत नाही. ऑक्सिजन सेन्सर बदलून दिवा काही काळ विझला, त्या दहा-बारा दिवसांत ही गाडी सगळ्यांच्या लेखी 'दुरुस्त' होती.

तर आता संशयित ठरला. पण गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. इथेच मला आमच्या नववीच्या 'धाराविद्युत' या पाठाची आठवण झाली, आणि तुम्हालाही होईल.

ओहमचा नियम मुलं घडाघडा म्हणतात. त्यात 'वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना' असे शब्द येतात. किती मुलांना ते शब्द तिथे का आहेत हे माहीत असतं? बहुतेकांना ते पाठ करायचं ओझं वाटतं. कूलंटचा सेन्सर म्हणजे त्या शब्दांचं उत्तर आहे. त्याच्या आत थर्मिस्टर असतो. तापमान बदललं की त्याचा रोध बदलतो, आणि तारेच्या उलट, तापमान वाढलं की रोध कमी होतो. नेहमीच्या एका प्रकारच्या सेन्सरचे आकडे देतो, म्हणजे अंदाज येईल. ० अंशाला साधारण ५,९०० ओहम, २० अंशाला २,५००, ४० ला १,१७०, ६० ला ६००, ८० ला ३२०, आणि १०० अंशाला १९० च्या आसपास. सगळ्या गाड्यांत हेच आकडे नसतात, आपल्या गाडीचे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावेत. पण आलेखाचा आकार असाच: आधी धाडकन उतरणारा आणि मग हळूहळू सपाट होणारा.

संगणक रोध थेट मोजत नाही. तो ५ व्होल्ट पाठवतो, आपल्या पोटातल्या एका ठरावीक रोधातून, आणि सेन्सरवर किती विभवांतर उरलं ते बघतो. समजा आतला रोध २,००० ओहम आहे. सेन्सर २० अंशाला २,५०० ओहम असेल, तर सेन्सरच्या वाट्याला ५ व्होल्टपैकी २.८ येतात. ८० अंशाला ३२० ओहम, तेव्हा फक्त ०.७ येतात. एकसर जोडणीचं हे साधं गणित आहे, आपण फळ्यावर दरवर्षी सोडवून घेतो. वायर तुटली तर विद्युतधाराच नाही, म्हणून पूर्ण ५ व्होल्ट. संगणकाला वाटतं बाहेर उणे ४० अंश आहेत! दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्य व्होल्ट, म्हणजे इंजिन भट्टी झालंय. पी०११८ मध्ये 'व्होल्टेज जास्त' का, ते आता लक्षात आलं असेल.

यातूनच आणखी एक तपासणी निघते. दोन वायरींच्या कूलंट सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवला की मोबाइलवर उणे ४० दिसायला हवं, आणि कनेक्टरच्या दोन टोकांना वायरच्या तुकड्यानं जोडलं की आकडा एकदम वर जायला हवा. दोन्ही झालं, तर वायरी आणि संगणक ठीक आहेत. ही युक्ती फक्त या दोन वायरींच्या सेन्सरला करायची हे मुलांना बजावून सांगा. तीन वायरींच्या सेन्सरला भलतीकडे वायर जोडली तर नवाच खर्च उभा राहील.

आपल्या गाडीत वायर तुटलेली नव्हती. पण एक संशयित बाकी होता. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढला, की तिथे जादा रोध तयार होतो. जादा रोध म्हणजे संगणकाला जादा थंडी. म्हणजे सेन्सर निर्दोष आणि गंज दोषी, हेही शक्य होतं. मग कसं ठरवायचं? सोपं आहे. कनेक्टर बाजूला करा आणि मल्टिमीटरनं थेट सेन्सरच्याच दोन पिनांवर रोध मोजा. २४ अंशाला तो २,१०० च्या आसपास हवा. तेवढा आला तर गंज दोषी, जास्त आला तर सेन्सर.

मीटरवर आलं ४,१००. तक्त्यात ४,१०० ओहम म्हणजे ८ अंश. मोबाइलवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं. पिना स्वच्छच होत्या. आता सेन्सर दोषी आहे असं म्हणायला आपण मोकळे.

या सगळ्याला सामान किती लागलं? ते अडॅप्टर, तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर, वही आणि पेन. (करोनाच्या काळात शाळेनं घेतलेली कपाळावर धरायची तापमापी कपाटात पडून आहे, ती चालेल का, असं एका सरांनी विचारलं. नाही चालणार. त्यातल्या बहुतेक माणसाच्या तापापुरत्याच असतात, चाळिशीच्या थोडं पुढे त्यांचा दम संपतो.)

आता थोडं मेकॅनिकच्या बाजूनं बोलतो, कारण हा लेख वाचून कोणी "बघा, हे लोक लुटतात" असं म्हणायला नको. दोष बराचसा आपलाच आहे. मेकॅनिकनं तासभर गाडीपाशी घालवला, सहा गोष्टी तपासल्या आणि शेवटी कनेक्टर साफ करून दिला, तर आपण त्याला किती पैसे द्यायला तयार असतो? "नुसतं बघायचे पाचशे?" हे वाक्य आपल्यापैकी कितीतरी जणांनी म्हटलेलं आहे. पार्ट बदलला की मात्र चार हजार निमूट देतो, कारण हातात खोकं दिसतं. निदानाला पैसे द्यायचे नाहीत आणि वस्तूला द्यायचे, असं गिऱ्हाईकच ठरवत असेल, तर गॅरेजवाला वस्तूच विकणार. चांगला मेकॅनिक तासभर विचार करतो तेव्हा तो काम करत असतो, हे आपल्या मुलांना कळायला हवं. ज्या मुलानं स्वतः मीटर धरून एक दुपार घालवलीय, त्याला ते सांगावं लागत नाही. आयटीआयला जाणाऱ्या मुलाकडे वर्गातल्या इतरांनी कोणत्या नजरेनं बघायचं, याचंही उत्तर त्यातच आहे.

आणखी एक गोष्ट डोळ्यांवर येते. घरात असं काम निघालं की मुलगा पाना धरतो आणि मुलगी टॉर्च. वर्गातही प्रयोग मुलगे करतात आणि निरीक्षणं मुली सुंदर अक्षरात लिहितात. अदलाबदल करा. सांगायला फार सोपं आहे, पण दर वेळी आठवणीनं करावं लागतं.

आता बदलण्याबद्दल, थोडक्यात.

इंजिन पूर्ण थंड हवं. यात तडजोड नाही. तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी दाबानं तोंडावर येतं. हे काम रात्रभर उभ्या गाडीवर सकाळीच करावं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. नवा सेन्सर बसवायच्या आधी त्याचाही रोध मोजा. हे फार कमी लोक करतात, आणि बाजारात नकली माल किती आहे ते तुम्हाला माहीत आहेच. आम्ही नवा सेन्सर गाडीत बसवण्याआधी वितळत्या बर्फाच्या पेल्यात धरला, जेमतेम ५,९०० आले. मग तोच आत जाणार हे ठरलं. किंमत साडेचारशे रुपये.

हा सेन्सर बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घराजवळ असतो. कनेक्टर ओढताना वायरीला धरून ओढायचं नाही, त्याची खिटी दाबून काढायचा. थंड इंजिनात झाकण सैल करून उरलासुरला दाब जाऊ द्या आणि मग योग्य मापाच्या पान्यानं जुना सेन्सर फिरवून काढा. नवा लगेच लावता यावा म्हणून हातातच ठेवा. तरी अर्धा-एक कप कूलंट सांडतंच, खाली भांडं ठेवा. हे कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात. सांडलेलं पुसून, धुऊन टाका. वॉशर किंवा रबरी रिंग जुनी वापरू नका. घर ॲल्युमिनियमचं असतं, सेन्सर आधी बोटांनीच फिरवून आटे बरोबर बसल्याची खात्री करा आणि मग पान्यानं बेताचंच आवळा. ताकद दाखवायची जागा ही नव्हे. काही नव्या गाड्यांत आटे नसतात, क्लिप असते, ते आणखी सोपं.

मग त्याच प्रकारचं कूलंट भरा, नळाचं पाणी नको. बॅटरी जोडा, गाडी मोकळ्या हवेत चालू करा. बंद गॅरेजमध्ये कधीही नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन तापू द्या, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. पंखा सुरू होण्याच्या वेळी कोणाची ओढणी, बाही, वेणी बोनेटवर वाकलेली नसावी. दुसऱ्या दिवशी थंड असताना कूलंटची पातळी पुन्हा बघा.

आणि कोड पुसणं हे सगळ्यात शेवटी. कोड आधी पुसला, की पुरावा गेला. दिवा विझला म्हणजे गाडी बरी झाली असं धरू नका. संगणक आपल्या सगळ्या तपासण्या पुन्हा करायला काही दिवसांचं फिरणं घेतो. आमची खरी खूण वेगळी होती. दुसऱ्या सकाळी तिनं पुन्हा दोन आकडे लिहिले: हवा २३, कूलंट २३. ॲव्हरेज पुढच्या दोन टाक्यांत सतराच्या जवळ आलं.

पालक दोन शंका हमखास काढतात. एक, वॉरंटी. गाडी वॉरंटीत असेल तर सरळ कंपनीच्या सर्व्हिसला न्या, स्वतः हात लावू नका. पण सकाळचे दोन आकडे बघायला कोणी अडवत नाही. दुसरी, मुलं काहीतरी मोडतील. ही शंका रास्त आहे, म्हणून मी एक नियम ठेवलाय. वहीत चार रकाने आखायचे: लक्षण, संशयित, तपासणी, निकाल. निकालाचा रकाना भरल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही आणि काही खोलायचं नाही. ज्या कामाला फक्त डोळे आणि मीटर लागतो, ते मुलांनी मोठ्यांच्या देखत खुशाल करावं. एअरबॅग, ब्रेकचं एबीएस, आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी जाड केबली यांना मात्र मुलांनीही नाही आणि आपणही हात लावायचा नाही. तिथे शिकलेला माणूसच हवा.

ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा ज्यांना गाडीला हात लावायची भीती वाटते, त्या शिक्षकांनी हा धडा सोडून द्यायचं कारण नाही. गावातल्या गॅरेजमध्ये टाकून दिलेले कूलंट सेन्सर मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. त्यातला एखादा चांगला निघतो, एखादा खोटं बोलणारा, दोन्ही उपयोगाचे. तेही नको असेल तर पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर थोडक्या रुपयांत सुटा थर्मिस्टर मिळतो. एका पेल्यात बर्फ, एकात माठातलं पाणी, एकात गरम पाणी, आणि प्रयोगशाळेतली तापमापी. उकळतं पाणी शिक्षकांनीच हाताळावं. पुण्यात ते शंभराला नाही, ९८ च्या आसपास उकळतं, कारण शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. एखादी चौकस मुलगी त्यावरून प्रश्न विचारेल, तर तास तिकडे वळला तरी बिघडत नाही. सुट्या थर्मिस्टरच्या वायरी पाण्यात उघड्या ठेवू नका, छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बुडवा.

प्रत्येक पेल्यात दोन-दोन मिनिटं थांबून रोध मोजायचा, आलेख काढायचा, बिंदू जोडायचे. सरळ रेषा येणार नाही, आणि पट्टीनं सरळ रेषा ओढायची सवय लागलेली दोन-चार मुलं तरीही ती ओढतील. ओढू द्या. मग तापमापी खिशात घाला, गरम आणि गार पाणी तुम्हीच एका पेल्यात मिसळा, आणि मुलांना फक्त मीटरवरचा आकडा बघून तापमान सांगायला लावा. सरळ रेषावाले आणि वक्ररेषावाले वेगवेगळं सांगतील. सगळ्यांची उत्तरं फळ्यावर लिहून झाली की तापमापी बाहेर काढा.